सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा : श्रीलंकेच्या मोफत शिक्षणाचे जनक

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, तेव्हा तेथे मोफत शिक्षण सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. त्या व्यवस्थेचे जनक कन्नंगरा आम्हां शिक्षकांना विशेष जवळचे वाटतात.

अंबलनगोडजवळच्या रंदोंबे गावी १८८४ साली त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीमुळेच गाल येथील रिचमंड कॉलेजात ते शिकू शकले. पुढे ते वकील झाले आणि १९३१ साली शिक्षणमंत्री.

त्या काळी नोकरीची वाट इंग्रजी शाळेतून जाई, आणि तेथे फी भरावी लागे. सिंहली व तमिळ शाळांत फी नव्हती, पण पुढची वाटही नव्हती. आपल्या समाजाला अशी उतरंड परकी नाही. कन्नंगरांनी खेड्यापाड्यांत मध्यवर्ती विद्यालये काढली, त्यांना वसतिगृहे जोडली, हुशार मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांच्या समितीच्या १९४३ च्या अहवालाला प्रखर विरोध झाला. तरीही १ ऑक्टोबर १९४५ पासून बालवर्ग ते विद्यापीठ शिक्षण मोफत झाले.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून, हाही त्यांचाच आग्रह. मूल घरच्या भाषेत शिकू लागले. मात्र सिंहली व तमिळ मुलांचे वर्ग वेगळे राहिले आणि १९५६ च्या केवळ सिंहलीला राजभाषा करणाऱ्या कायद्याने दरी रुंदावली. तो दोष कन्नंगरांच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही; त्यांना इंग्रजीही सर्वच मुलांना शिकवायची होती.

१९४७ च्या निवडणुकीत मतुगम येथे ते पराभूत झाले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. मतुगमचे मध्यवर्ती विद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.