आनंदीबाईंची व्हायव्हा

फायनल इयर लागलं की हॉस्टेलमध्ये एकच विषय! कुणी जीआरईचे शब्द पाठ करतोय, कुणाचा मामा दुबईहून व्हिसा पाठवणार आहे, तर कुणाच्या आईने नुसत्या विषयानेच डोळ्यांत पाणी आणलंय. परदेशी जायचं की नाही? या प्रश्नाला भर सभेत उत्तर देणारी एक मुलगी आपल्या अगदी शेजारची. भिवंडीहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. तिथल्या जोशांची यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी.

जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, पोस्टात कारकून, वयाने कितीतरी मोठे, आणि बायकोने शिकलंच पाहिजे या हट्टाने पेटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. डॉक्टर व्हायचं, हे तिथे ठरलं.

गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलं. धर्म बदला, मग बघू, असा सूर आला. दोघांनी नकार दिला. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडला. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं, पुढे घरही देऊ केलं. तरीही निघायला १८८३ साल उजाडलं. पैसा नव्हता, तब्येत साथ देत नव्हती आणि लोकांची तोंडं बंद होत नव्हती.

तेव्हा गोपाळरावांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूरला होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या. वय अठराही पूर्ण नाही. लोक जे सहा प्रश्न पाठीमागे विचारत होते, ते त्यांनी स्वतःच मांडले आणि इंग्रजीतून एकेकाचं उत्तर दिलं. आपल्या एक्स्टर्नललाही घाम फुटावा अशी व्हायव्हा!

अमेरिकेलाच का? इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे म्हणून. इथे सोय नाही का? मद्रासला कॉलेज आहे, बाकी ठिकाणी सुईणीचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरं. एकटी का? नवऱ्यावर घरच्यांचा भार आहे आणि दोघांच्या खर्चाला पैसा नाही. जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिथेही हिंदू म्हणूनच राहीन, टाकायचंच असेल तर आत्ताच टाका. काही बरंवाईट झालं तर? ते कुणाच्या हातात नसतं, त्या भीतीने काम सोडता येत नाही. कुठल्याच बाईने केलं नाही ते तुम्हीच का? समाजाचं देणं असतं, कुणीतरी सुरुवात करायलाच हवी.

दागिने विकून ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपही. कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल आणि आतून पोखरणारा क्षय, हे सगळं सोसत ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची जागा देऊ केली गेली, ती त्यांनी घेतली आणि परत आल्या. पण कामावर रुजू होणं नशिबी नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसाव्या वर्षात. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आजही त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आहेत.

म्हणजे पाचवा प्रश्न खरा ठरला. मग निर्णय चुकला का? नुसता निकाल बघितला तर तसं वाटेल. पण जाताना कशासाठी जायचं आणि कुणासाठी परतायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि धोकाही त्यांनी लपवला नव्हता.

आज आपल्याला जातीबाहेर कुणी टाकत नाही, आई रोज व्हिडिओ कॉलवर दिसते. तरी बाकीचे प्रश्न तेच आहेत. तेव्हा दोस्तांनो, रूममेट निघाला म्हणून निघू नका आणि आई रडते एवढ्यासाठी थांबूही नका. आधी ते सहा प्रश्न कागदावर लिहा, घरच्यांसमोर बसा आणि उत्तरं द्या. इथेच राहणार असाल, तरीही द्या. ही ओरल कुणालाच चुकत नाही!