अलिबागला अक्षरं गिरवली, न्यूयॉर्कला उतरल्या. आनंदीबाई जोशींचा परदेशातला पहिला दिवस

अलिबाग : परदेशात शिकायला जाणारी मुलं आता आपल्या तालुक्यातही दिसतात. विमान उतरलं की पोचल्याचा फोन येतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण 4 जून 1883 या दिवशी 18 वर्षांची एक मराठी मुलगी बोटीने न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिच्यामागे फोन नव्हता, नवरा नव्हता, माहेरचं कुणी नव्हतं. ही मुलगी म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. त्यांच्या शिक्षणाचे सुरुवातीचे दिवस अलिबागला गेले, हे जिल्ह्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, वयाने बराच मोठा, विधुर आणि हट्टी. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हेका. कल्याणला माहेरच्या माणसांच्या गराड्यात बायकोला शिकवणं जमेना, म्हणून त्यांनी अलिबागला बदली करून घेतली. सोबत आनंदीबाईंची आजी आली. तेव्हाचा हा कुलाबा जिल्हा. इथे मुलीचा अभ्यास मार्गी लागला आणि मराठी वाचायला लिहायला नीट येऊ लागलं. अभ्यास चुकला तर गोपाळराव मारायलाही कमी करत नसत, ही बाजूही सांगितली पाहिजे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. जेमतेम दहा दिवस जगला. वेळेवर औषधपाणी मिळालं नाही. त्या काळी बाई आजारी पडली तर पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजायची, अंगावर काढायची, आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंच्या मनाने घेतलं ते या दुःखातून.

गोपाळरावांनी 1878 साली कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ख्रिस्ती व्हा, असं सुचवण्यात आलं. ते त्यांना मान्य नव्हतं. पण ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. 1880 साली न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. पुढे पत्रांची ये-जा सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

त्यानंतर गोपाळरावांची बदली बंगालकडे झाली. बाईमाणूस एकटी समुद्र ओलांडणार म्हटल्यावर लोकांनी नावं ठेवली. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 ला श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या. हिंदुस्थानात बाई डॉक्टर का हवी, आपण एकट्या का जातोय, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. गोपाळराव मागेच राहिले. सोबत होती ती मिशनरी बायकांची. शाकाहारी माणसाचे बोटीवर खाण्याचे हाल. बटाट्यावर दिवस काढावे लागले. जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्क आलं.

बंदरावर कार्पेंटर मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या. दोघींची ही पहिलीच भेट. आनंदीबाई तिथून त्यांच्या घरी रोझेलला गेल्या. मुलूख परका, बोली परकी, हवा वेगळी. पण तीन वर्षं पत्रातून सुखदुःख सांगितलेलं माणूस समोर होतं. इथे सख्खे म्हणवणारे पाठ फिरवत असताना तिकडे एका परक्या बाईने घराचं दार उघडलं. तो उन्हाळा त्या घरच्यासारख्या राहिल्या.

मग फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज. शिष्यवृत्ती मिळाली. थंडीने मात्र छळलं. वेश बदलायचा नाही असं ठरवूनच त्या गेल्या होत्या, पण नऊवारीत पाय गारठायचे, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खाण्याची आबाळ आणि आजारपण चालूच राहिलं. तरी 11 मार्च 1886 ला पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. दिलेला शब्दही त्यांनी पाळला. धर्म सोडला नाही.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. पण क्षयाने गाठलं होतं. मायदेशी आल्या त्या आजारी होऊनच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकाही बाईवर उपचार करायची संधी त्या नोकरीत त्यांना मिळाली नाही.

त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ती आजही आहे.