विंडोज की लिनक्स? आधी डेनिस रिचींना भेटा!

लॅपटॉपचा विषय निघाला की सूरजागड-एटापल्लीच्या पोरांपासून गडचिरोलीच्या होस्टेलपर्यंत एक प्रश्न ठरलेला : विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं? प्रोजेक्टचं कोडिंग करायचंय, स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचेत, पिक्चरही बघायचाय. नव्या मशीनचं बजेट नाही, हातात दादाचा जुना लॅपटॉप. अशा वेळी डेनिस रिची हे नाव माहीत असायला हवं. कारण त्यांची गोष्टही जुन्या मशीनपासूनच सुरू होते.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. डेनिस हार्वर्डला फिजिक्स शिकले, मग अप्लाइड मॅथ्सकडे वळले. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण डिग्री काही घेतली नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्जमध्ये रुजू झाले.

तिथे मल्टिक्स नावाच्या भल्यामोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चालू होतं. ते लांबतच गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतलं. रिचींचे सहकारी केन थॉम्पसन यांनी मग कुणी फारसं न वापरणारं पीडीपी-७ हे मशीन शोधलं आणि त्यावर छोटीशी ओएस उभी केली. तीच युनिक्स. रिची पहिल्यापासून सोबत होते.

टायपिस्ट आणि प्रोग्रामर, मशीन एकच

नवं मशीन हवं तर पैसे हवेत. नुसत्या ओएससाठी ते मिळेनात. मग या मंडळींनी ऑफिसच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करायची सोय देऊ केली आणि पीडीपी-११ पदरात पाडून घेतलं. मेमरी किती? फक्त २४ केबी! १९७१ मध्ये त्याच मशीनवर तीन टायपिस्ट दिवसभर अर्ज टाइप करायच्या आणि त्याच वेळी रिची-थॉम्पसन यांचं प्रोग्रामिंगही चालायचं. एक प्रोग्राम चुकला की सगळ्यांचंच काम बंद पडायची भीती. म्हणजे प्रोग्रामिंगचं काम आणि रोजचं काम एकाच मशीनवर बसवायची कसरत तेव्हाचीच आहे.

रिचींचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं. तेव्हा बहुतेक ओएस त्या-त्या मशीनच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जायच्या. मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा. रिचींनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. त्यामुळे पुढे ते वेगवेगळ्या मशीनवर नेता आलं. विद्यापीठांना ते अगदी कमी पैशांत मिळायचं, त्यामुळे विद्यार्थ्यांनी त्याचा कोड वाचला, बदलला, वाढवला. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं सीचं पुस्तक आजही वापरलं जातं. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर २०११ मध्ये रिची गेले. त्याच्या आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्ज गेले होते. जगभर चर्चा जॉब्ज यांची झाली, रिचींची बातमी मोजक्यांपर्यंतच पोचली. पण ॲपलची मॅकओएस युनिक्सच्याच घराण्यातली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स त्याच धर्तीवरचं आणि मुख्यतः सीमध्ये लिहिलेलं. तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. विंडोजचं घराणं वेगळं, पण तिच्या गाभ्यातही सी आहेच. आपलं गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं तेही २०११ मध्येच. इथे कॉम्प्युटर शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी रिचींच्या भाषेत कोड लिहितोच.

मग आपण काय घ्यायचं?

• जुना लॅपटॉप : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. अशा वेळी हलकं लिनक्स टाका. फुकट आहे, मराठी टायपिंगही होतं.

• कोडिंग : सी, पायथन, सर्व्हरचं काम शिकायचं तर लिनक्स सोयीचं. मॅकही उत्तम, पण महाग.

• रोजचा वापर : एमएस ऑफिस, टॅली, गेम्स लागत असतील तर विंडोज सोपं.

• दोन्ही हवंय : ड्युअल बूट करा, पण आधी डेटाचा बॅकअप घ्या. विंडोजमध्येच लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल ही सोयही आहे, फक्त रॅम बऱ्यापैकी हवी.