आशाताईंच्या लाल गोळीमागे कोण? मुंबईत संशोधन करणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांची गोष्ट

चामोर्शी असो की चेंबूर, गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोह सगळ्यांना ठाऊक आहे. फॉलिक ॲसिडचा, म्हणजे ब-९ जीवनसत्त्वाचा, माग मात्र मुंबईत लागला.

डॉ. लुसी विल्स यांचा जन्म १८८८चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या भारतात आल्या आणि मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गरीब घरांतल्या बाया गरोदरपणात रक्तक्षयाने का दगावतात, हे शोधायचे होते.

या बायांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, इथे उलटेच. आधी जंतूंवर संशय होता, पण तसा पुरावा मिळेना. मग विल्स यांनी बायांचे ताट तपासले. भाजी, फळे, दूध जवळपास नाहीच. तसाच आहार उंदरांना दिला, तर उवांमधून पसरलेल्या संसर्गाने प्रयोगाचा घोळ केला. शेवटी एका आजारी माकडाला मार्माइट दिले आणि ते सुधारले. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा अर्क, स्वस्त माल! बायांनाही त्याचा गुण आला. १९३१ मध्ये निष्कर्ष छापून आले, पण त्यातला नेमका घटक कोणता, हे कळले नव्हते.

१९४१ मध्ये तो पालकातून वेगळा झाला. नाव पडले लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून. १९४५ मध्ये अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत बनवला. विल्स १९६४ मध्ये गेल्या. गर्भाच्या मणक्यातील व्यंग याच जीवनसत्त्वाने टळते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले.

गडचिरोलीत याला आणखी एक संदर्भ आहे, सिकलसेलचा. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये जेमतेम १० ते २० दिवस. नव्या पेशी सतत घडवताना फॉलिक ॲसिड झपाट्याने खर्च होते, म्हणून या रुग्णांना त्याची वेगळी गोळी देतात. तिने आजार बरा होत नाही. आणि घरात पडलेली लाल गोळी त्याऐवजी चालत नाही. तिच्यात लोह असते, आणि सिकलसेलच्या रुग्णाला लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात.