मताचे मोल : डॅनियल ओकॉनेल



निवडणूक जवळ आली की मिस्सेनंतर पुष्कळ जण मत कोणाला द्यावे असे विचारतात. आम्ही नाव सांगत नाही. आज त्याऐवजी एका नेत्याची जीवनकथा सांगतो.

डॅनियल ओकॉनेल यांचा जन्म १७७५ साली आयर्लंडमध्ये, केरी परगण्यातील कॅथलिक कुटुंबात झाला. देशात कॅथलिक बहुसंख्य असूनही कायदा त्यांच्या विरोधात होता. म्हणून शिक्षणासाठी डॅनियल यांना फ्रान्सला जावे लागले. पुढे ते नामवंत वकील झाले. १८१५ साली एका द्वंद्वात त्यांच्या गोळीने प्रतिस्पर्धी मरण पावला. त्या पापाचा पश्चात्ताप त्यांना जन्मभर होता. न्याय मिळवायचा तो रक्त न सांडता, हा त्यांचा मार्ग होता.

१७९३ पासून कॅथलिकांना मत देता येई, पण संसदेत बसता येत नसे. कारण तेथील शपथेत पवित्र मिस्सेला मूर्तिपूजा म्हणावे लागे. ओकॉनेल यांनी १८२३ साली कॅथलिक असोसिएशन स्थापन केली. गरिबांनीही महिन्याला एक पेनी देऊन ती उभी केली.

१८२८ साली ते क्लेअर परगण्यातून निवडणुकीला उभे राहिले. समोरचे उमेदवार, मंत्री फिट्झजेरल्ड, वाईट गृहस्थ नव्हते. कॅथलिकांच्या हक्कांना त्यांचा पाठिंबाही होता. परंतु ते ज्या सरकारात होते, ते सरकार हक्क देत नव्हते. तेव्हा मतदान उघड चाले आणि जमीनदार सांगेल त्याला कुळे मत देत. विरोधात गेल्यास जमीन जाण्याची भीती होती. तरीही ती साधी कुळे दारूपासून दूर राहून, आपल्या धर्मगुरूंसोबत मतदानाला गेली. ओकॉनेल यांना २०५७ मते मिळाली, फिट्झजेरल्ड यांना ९८२.

१८२९ साली कायदा बदलला आणि कॅथलिकांना संसद खुली झाली. मात्र त्याच वेळी मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली गेली. ज्यांच्या मतांनी विजय मिळाला, त्याच गरीब कुळांचे मत गेले. ओकॉनेल यांना ते थांबवता आले नाही.

संसदेत मात्र ते केवळ आपल्या लोकांसाठी बोलले नाहीत. गुलामगिरीविरुद्ध ते सतत लढले. अमेरिकेतील गुलामगिरीवर टीका केल्याने तेथील आयरिश लोकांच्या देणग्या कमी झाल्या, तरी ते मागे हटले नाहीत. १५ मे १८४७ रोजी रोमच्या वाटेवर असताना जेनोआ येथे त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, त्या धर्मगुरूंनी उघडपणे एका उमेदवाराची बाजू घेतली. तो काळ वेगळा होता, आम्ही तसे करणार नाही. मत हा हक्क आहे आणि सर्वांच्या हितासाठी पार पाडायचे कर्तव्यही आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिकवले. ख्रिस्तसभा उमेदवाराचे नाव देत नाही, आपली सदसद्विवेकबुद्धी घडवते. म्हणून उमेदवार ख्रिस्ती आहे का, एवढेच पाहू नये. गर्भातील बालकापासून वृद्धापर्यंत प्रत्येक जीवाचा मान तो राखतो का, गरिबाला न्याय देतो का, धर्माधर्मांत वैर पेरतो का, हे पाहावे.

आपले मतदान गुप्त आहे, जमीन जाण्याची भीती नाही. तरीही पाकीट, पार्टी किंवा नातेगोते यांसाठी आपण मत देत असू, तर क्लेअरच्या त्या कुळांना काय उत्तर देणार? मतदानाला जाण्यापूर्वी थोडा वेळ प्रार्थनेत बसू या.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू