ताराबाई मोडक आणि आपले कपाट

स्मरणिकेसाठी ताराबाई मोडकांवर चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा बालवाडीच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. तिची हकीकत शेवटी सांगेन.

ताराबाई आपल्या मुंबईच्याच. जन्म १८९२ चा, माहेर केळकरांचे, प्रार्थना समाजी वळणाचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला नोकरी करून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे माँटेसोरीबाईंची साधने त्यांच्या हाती आली. लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोके आणि त्यांत बसणारे दट्टे आपण पाहिलेच असतील. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो, आणि पोराला आपली चूक आपणच उमगते. बाईंनी डोळे वटारायला नकोत.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरचा शिशुविहार. पण ज्यांच्या घरी पाटीसुद्धा नाही त्यांचे काय, हे ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. मला वाटते, इथेच त्यांचे मोठेपण आहे. १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या. मुले शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. महागडे ठोकळे आणणार कुठून? शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने हीच साधने झाली. लहानापासून मोठ्यापर्यंत शिंपले मांडले, की काम तेच. १९५७ साली कोसबादच्या टेकडीवर गेल्यावर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या.

आता किल्लीचे. आपल्या बालवाडीत देणगीची साधनपेटी आहे आणि गेल्या वर्षी मिळालेले दोन टॅब आहेत. दट्टे हरवतील, टॅब फुटतील, म्हणून दोन्ही मी कुलपात ठेवते. टॅब निघालाच तर बाई हातात धरतात आणि वीस मुले हाताची घडी घालून गाणी पाहतात. पाहुणे शिस्तीची वाखाणणी करतात. मलाही ती आवडे. ताराबाईंबद्दल वाचताना मात्र लाज वाटली. टॅब आणून आम्ही जुना फळाच टांगला होता.

कपाट उघडे ठेवावे आणि दोन-दोन मुलांच्या हाती टॅब द्यावा, असे मी येत्या सभेत मांडणार आहे. हरवाहरवीची भीती असलेल्या भगिनींना एवढेच कळवते, की तीन दट्टे आधीच नाहीसे झाले आहेत, आणि तेही कुलपातून.