श्रद्धेला कृतीची जोड : पंडिता रमाबाई

रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. दुसरबीडपासून मुंबईपर्यंत या दिवसांत घरोघरी रोज पठण चालते. कुरआनात ईमान आणि नेक अमल, म्हणजे श्रद्धा आणि सत्कर्म, यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो. बायबलमधील याकोबाच्या पत्राचा आशयही हाच आहे. ही जोड आयुष्यभर जपणारी एक मराठी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

१८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. स्त्रियांना संस्कृत शिकवणे पाप मानले जाई, तेव्हा वडिलांनी पत्नीला शिकवले आणि आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत कुटुंब जगले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण गेली. भावासोबत पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. पदरी उरली लहानगी मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र स्वतःला पटल्याशिवाय चर्चमधील वडीलधाऱ्यांचा शब्दही त्यांनी मानला नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. ते पुण्यास आल्यावर मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या पालकांचे दुःख खोटे नव्हते आणि रमाबाईंची श्रद्धाही खोटी नव्हती.

त्या श्रद्धेची कसोटी दुष्काळात लागली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. १८९९-१९०० मध्ये वऱ्हाड, गुजरात होरपळले, तेव्हाही दार उघडेच राहिले. केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे २००० जणी राहू लागल्या. शेती, विणकाम, छपाई शिकून त्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या. अंध मुलींनाही तेथे वाचायला शिकवले गेले.

पहाटेची प्रार्थना आणि बायबलचे वाचन हा तेथील नेम होता. पण छापील मराठी बायबल खेड्यातील बायकांना समजत नसे. म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत अनुवाद सुरू केला. तो मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापला गेला. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

रोजाची भूक मगरिबच्या अजानबरोबर संपते. रमाबाईंनी ओळखलेली भूक तशी संपणारी नव्हती. त्या भुकेसाठी ताटात वाटा काढणे, हाच त्यांच्या रोजच्या वाचनाचा अर्थ होता.